खिडकीकाका

काकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लावून टाकली. त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मला आणि 31 मेला निवृत्त झाला. काकाही तसेच, अठ्ठावन्न पुरी होताच मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडले. शाल, श्रीफळ, सपत्नीक फोटो, सगळं रीतसर झालं.

पुढच्याच सोमवारी डोंबिवलीहून सुटणारी फास्ट फलाटाला लागत होती. ती थांबायच्या आत उडी मारून खिडकी धरणाऱ्यांत पहिले काका! आम्हाला वाटलं, पेन्शनचे कागद राहिले असतील. पण त्यांनी त्रैमासिक पास काढला, तेव्हा उलगडा झाला. नोकरी संपली म्हणून गाडी कशाला सोडायची, हा त्यांचा सवाल.

शासननियम मात्र काटेकोर. 29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणून काकाही शनिवारी येत नाहीत. अधेमधे दांडी असली तर आदल्या रात्री ग्रुपवर 'उद्या किरकोळ रजा' पडतं. काकू रोज डबा देतात. मला तर त्या फार मुत्सद्दी वाटतात. चार पोळ्या आणि भाजीत दुपारपर्यंत घर मोकळं मिळत असेल तर सौदा स्वस्तच आहे.

सुरुवातीला काका सीएसएमटीहून मंत्रालयापर्यंत चालत जायचे. जिथून नुसती मान हलवून आत शिरायचे, तिथेच आता अभ्यागतांच्या रांगेत उभं राहून प्रवेशपास काढायचा. खिडकीतल्या पोरानं विचारलं, "काम काय?" काका आठवत राहिले. मागचे लोक ओरडायला लागले तसे रांगेतून बाजूला झाले. हल्ली स्टेशनबाहेर कटिंग पितात आणि उलट्या गाडीनं परततात. डब्यात चिटपाखरू नसतं, हवी ती खिडकी मिळते. त्या प्रवासाबद्दल ते कधी बोलत नाहीत.

सकाळचा रुबाब वेगळाच. चौथ्या सीटवर कोणी टेकायचं, ठाण्याला कोणी उठून कोणाला बसवायचं, सगळं काका ठरवणार. स्वतः मात्र उठणार नाहीत. दसऱ्याला डब्याला तोरणं बांधायची वर्गणी काढतात, तिची पावती जावक क्रमांक घालून मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखलासुद्धा त्यांनी मोबाइलला तोंड दाखवून गाडीतच दिला. मुलुंडपासून खटपट चालू होती. दर वेळी कॅमेऱ्यात मागच्याचं कोपर यायचं. शेवटी घाटकोपरला सगळ्या डब्यानं श्वास रोखून त्यांना जागा करून दिली आणि काका एकदाचे हयात ठरले.

येत्या मेअखेर आमच्यातले आणखी एक जण सुटतायत. परवा भजन संपल्यावर त्यांनी चाचपडत विचारलं, "काका, जूनपासून मीपण येत राहू?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "या की. पण चौथ्या सीटपासून सुरुवात. खिडकी सेवाज्येष्ठतेनं."