पुढची पुली, मागची पुली

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या गावांत हा गृहस्थ हमखास भेटतो. त्याच्या गराजमध्ये बसून चालवायचं जुनं लॉनमोवर असतं. पाती केव्हाच काढलेली, चाकांना ट्रॅक्टरसारखे खोल नक्षीचे टायर. हे यंत्र चिखलात जातं, ओढ्यात जातं आणि रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या डोक्यात जातं. फक्त गवतावर जात नाही. दारापुढचं गवत कापायला शेजारचा पोरगा येतो, पैसे मोजून घेतो.

याला ‘कसं काय?’ विचारलंत, तर उत्तर येईल, “पुढे किती इंची लावू?” पुढे म्हणजे इंजिनावरची पुली. इंजिन मिनिटाला साधारण ३६०० फेरे मारतं, तरी मूळ मोवर ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या वर सरकत नाही. मधली काटछाट पट्टा, पुल्या आणि गिअरबॉक्स करतात. इंजिनावर लहान आणि गिअरबॉक्सवर मोठी पुली बसवली की वेग उतरतो, जोर चढतो. त्यात २० इंचीऐवजी २३ इंची टायर घातले, की वेग १५ टक्के वाढतो आणि कमावलेला जोर पुन्हा गळतो. हा सगळा हिशेब तो गराजच्या फरशीवर खडूने मांडतो. त्यावर पाय देण्याची बायकोचीही प्राज्ञा नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रोस्टॅटिक मोवरवाल्यांच्या घरी तर तो सोयरीकही करणार नाही. तिथे बदलायला गिअरच नाहीत!

१९७३ साली इंग्लंडात, ससेक्समधल्या विस्बरो ग्रीनच्या एका पबात मोवरच्या शर्यतींचं खूळ निघालं. त्या वेगवाल्यांना हा नाकं मुरडतो. नवख्याला समजावतो, “चिखलात घाई कामाची नाही. पुढे लहान पुली लाव. पण फार लहान नको, पट्ट्याला पकड मिळत नाही, घसरतो.” सल्ला बावनकशी. नवखा तो पाळतो.

गुरुजी पाळत नाहीत. मागच्या खेपेला सपाटीवर कुणीतरी पुढे गेलेलं असतं, म्हणून शनिवारी रात्री गुपचूप इंजिनावर मोठी पुली चढते. सकाळी पहिल्याच दलदलीत पट्टा धुमसतो, जळक्या रबराचा वास सुटतो आणि स्वारी बुडापर्यंत रुतते. मागून तोच नवखा गुरगुरत येतो, निमूटपणे दोर बांधतो. हा बुटातला चिखल उपसत म्हणतो, “टायर चुकले.”

तुमच्या शेजारी असा कुणी असेल, तर सल्ला अवश्य घ्या. दोर मात्र आपला न्या.