ऑर्गन सांगलीहून साताऱ्यास सुखरूप नेण्याविषयी

ज्या नगरीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि जिच्या शेजारच्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म झाला, त्या सांगलीच्या गावभागातील एखाद्या वाड्यात नाटकमंडळी मोडल्यापासून विसावलेला ऑर्गन विक्रीस निघाला आहे, अशी वार्ता कानी आल्यावर, बालगंधर्वांच्या तबकड्या झिजवून मोठा झालेला सातारकर गृहस्थ विवेक शाबूत ठेवील, ही अपेक्षाच व्यर्थ होय. तो विसार देणारच. सबब खरेदी करावी की न करावी, याचा ऊहापोह येथे केलेला नाही. विसार दिल्यानंतर अंगावर येणाऱ्या कर्तव्यांचा तेवढा तपशील कलमवार दिला आहे.

कलम पहिले : वस्तूची ओळख. पेटीचा भाता वारा सुरांतून बाहेर लोटतो, तर नाटकवाल्यांच्या ऑर्गनचा भाता तोच वारा आत ओढतो. अर्थात भोवताली जो केरकचरा असेल, तोही वाऱ्याबरोबर आत जातो. पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या, आणि पट्टीच्या पोटात पितळेची पातळ जिव्हा. तिच्या फटीत गवताचे एक कुसळ अडकले की तो सूर मौन धारण करतो. चार हमालांस घाम फोडणाऱ्या धुडाचे प्राण असे कुसळाच्या हाती असतात, हे ध्यानात ठेवावे.

कलम दुसरे : ताबा. माल ताब्यात घेण्यापूर्वी दिवसाउजेडी, दोन साक्षीदारांसमक्ष, एकेक पट्टी वाजवून मुक्या सुरांची फेरिस्त करावी व तीवर विक्रेत्याची सही घ्यावी; अन्यथा त्याच्या आजोबांच्या कारकिर्दीत निमालेले सूरही टेम्पोवाल्याच्या नावे खर्ची पडतात. सूर उपसून काढण्याचा एक लहानसा आकडा बहुधा ऑर्गनच्याच पोटात कोठेतरी असतो, तो आठवणीने मागून घ्यावा. विक्रेता म्हणेल, “अहो, खुशाल घेऊन जा, काय होतंय त्याला!” या वाक्याचा कायदेशीर अर्थ एवढाच की, येथून पुढील जोखीम आपली.

कलम तिसरे : विभक्तीकरण. वरचा आरशाचा देव्हारा उतरवून निराळा बांधावा, पायट्या दोरीने जखडाव्यात, पट्ट्यांवर जाड कापडाची घडी ठेवून झाकण कुलपात घालावे, आणि काढलेले स्क्रू पानाच्या चंचीत घालून ती चंची स्वतःच्या कमरेस खोचावी. प्रस्तुत लेखकाच्या भाच्याने ते भडंगाच्या रिकाम्या पुडीत ठेवले आणि पेठ नाक्यावर, स्वच्छतेच्या उदात्त भावनेने, पुडी टाकून दिली.

कलम चौथे : बारदान. हळदीच्या पेठेत पोत्यांस आणि उसाच्या मुलखात पाचटास तोटा नसल्यामुळे, फुकटच्या मोहाने मनुष्य प्रथम या दोहोंकडे वळतो. परंतु हळदीच्या पोत्याची पूड सुरांना पिवळा रंग देते, गळा देत नाही. आणि पाचटाबरोबर मुंग्या व कुसळे विनामूल्य येतात. यास्तव अंगालगत धुतलेले जुने धोतर, त्यावर आजीची वाकळ, त्यावर लाकडी खोका, आणि पाचट घालणे अपरिहार्यच असेल तर ते खोक्याबाहेर, असा क्रम राखावा. प्लास्टिक लाकडाला भिडवू नये. आत घाम धरतो आणि फळ्या फुगतात.

कलम पाचवे : हमाल. ऑर्गन नेहमी उभाच न्यावा आणि तळाच्या चौकटीला हात घालून उचलावा. बाजूच्या नक्षीला धरून उचलल्यास नक्षी तेवढी हाती येते. त्या वेळी जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकास आज्ञा देण्याचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे आढळते, एक “तिरपं करा” म्हणतो, दुसरा “आडवं घ्या.” मुकादमाखेरीज इतर सर्वांस चहाच्या निमित्ताने कोपऱ्यावर धाडावे. नाटकमंडळींच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडलेल्या या वाद्याला रस्ता परका नाही. त्याने भ्यावे ते रसिकांना.

कलम सहावे : मुहूर्त. आषाढ-श्रावणात साताऱ्याची हवा ओली, तेव्हा लाकूड फुगते. दिवाळीनंतर गळीत हंगाम, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांमागे गोगलगायीच्या गतीने जावे लागते. माघ-फाल्गुनात टेम्पो लग्नाच्या वऱ्हाडास गुंतलेले. चैत्र-वैशाखात उन्हाने फळ्या तडकतात. उरलेल्या दिवसांत खुशाल न्यावा.

कलम सातवे : मार्ग. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज हा राजमार्ग होय. टेम्पोचा मागचा भाग सर्वांत अधिक उसळतो, म्हणून खोका चालकाच्या पाठीशी टेकवून बांधावा, आणि दोरखंड खोक्याला आवळावा, ऑर्गनला नव्हे. प्रत्येक गावच्या गतिरोधकापाशी चालकास नम्रपणे “सावकाश, भाऊ” म्हणावे. कऱ्हाडपर्यंत तो ऐकतो.

कलम आठवे : पोहोच. मुक्कामी आल्यावर लगेच वाजवू नये. दोन दिवस तेथील हवेशी त्याची ओळख होऊ द्यावी. नंतर सांगलीची फेरिस्त काढून एकेक सूर रुजू करून घ्यावा. आमच्या प्रवासात एकही नवा सूर मुका झाला नाही, हे येथे अभिमानाने नमूद करतो.

आता एकच कलम राहिले, ते वास्तविक पहिले असावयास हवे होते. मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघराचे दार ऑर्गनपेक्षा चार बोटे अरुंद आहे. सबब वाचकांस विनंती की, विसार देण्यापूर्वी आपल्या घराचे दार मोजावे. आमचा ऑर्गन ओसरीवर आहे.