मेकअपवाली ठरवणारी मामी

लग्न ठरलं की घरातली कामं न बोलता वाटली जातात. हॉल वडील बघतात, आचारी काका बघतात, पत्रिका धाकट्या भावाच्या गळ्यात पडतात. मेकअपवाली मात्र मामी बघते. हे काम तिला कोणी दिलेलं नसतं, म्हणूनच ते तिच्याकडून कोणाला काढूनही घेता येत नाही. काही घरांत ही मामी आत्या असते, काही घरांत मावशी, तर काही घरांत नुकतंच स्वतःचं लग्न उरकून अनुभवी झालेली वहिनी. आमच्याकडे ती डोंबिवलीची मामी आहे. ताईला नवरा पसंत करायला एक रविवार पुरला. मेकअपवाली पसंत करायला मामीने अख्खा पावसाळा घेतला.

या कामामागे मामीचं जुनं दुखणं आहे. तिचं स्वतःचं लग्न 1990च्या आसपासचं. शेजारच्या काकूंनी चेहऱ्यावर पावडर थापली, काजळ ओढलं, ओठांना लावलेल्या लिपस्टिकचंच बोट गालांवर फिरवलं आणि दहा मिनिटांत नवरी बोहल्यावर पाठवली. पुढे फोटोवाल्याच्या फ्लॅशने जे करायचं ते केलं. अल्बममध्ये चेहरा चुन्यासारखा पांढराफटक आणि मान मात्र मामीची. मामा अजूनही म्हणतात, "मी मानेवरून ओळखली हिला." त्यामुळे आमच्या घराण्यात पुन्हा कुठल्याही नवरीची मान आणि चेहरा वेगवेगळ्या घरचे दिसू द्यायचे नाहीत, असा मामीने पणच केलेला आहे.

तिची शोधाची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. इन्स्टाग्रामवर मेकअपवाल्यांच्या रील्स बघताना ती चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बोटांनी फोटो मोठा करते आणि थेट कानाशी जाते. "चेहरा फिल्टर सांभाळतो गं. कानाची आठवण कोणालाच राहत नाही." कान सावळा आणि गाल गोरा दिसला की ती बाई बाद. कान पास झाले की हात. हातावर मेंदी आहे आणि बोटांचा रंग गळ्याशी जुळतोय, तर फोन लावायचा.

फोनवरची मामी म्हणजे निवृत्त न झालेली पोलीस निरीक्षक. "एचडी म्हणजे नक्की काय हो? आणि एअरब्रशचे सात हजार जास्त कशाचे, हवेचे?" समोरची बिचारी समजावते, की एअरब्रशमध्ये छोट्या कॉम्प्रेसरने बेसचा फवारा मारतात, थर पातळ बसतो, जास्त वेळ टिकतो. मामी हे सगळं गेल्याच फोनवर ऐकून आलेली असते, तरी पुन्हा ऐकते. दोघींच्या उत्तरांत फरक पडतो का, ते तिला बघायचं असतं. मग पॅकेजची चिरफाड. सीमांतपूजनाचा लूक वेगळा, लग्नाचा वेगळा, रिसेप्शनचा वेगळा. साडी नेसवण्याचे वेगळे, आईच्या मेकअपचे वेगळे, पहाटे यायचे वेगळे. "नथ घालायचे वेगळे नाहीत ना?" मामी गोड आवाजात विचारते. पलीकडे शांतता पसरते. नथीचा आकार या रेटकार्डात नव्हता, पण आता कदाचित येईल.

खरा सापळा त्यानंतर. "त्या दिवशी अजून किती नवऱ्या घेतल्यात?" चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांना एकदम घाई, आणि पंचांगातल्या त्याच चार तारखांवर अर्ध्या ठाणे जिल्ह्याची लग्नं. मग नाव असलेली बाई सकाळी कल्याणला, दुपारी मुलुंडला आणि आपल्या वाट्याला तिची 'टीम'. टीम म्हणजे कोर्सच्या दुसऱ्या महिन्यात असलेली, हात थरथरणारी एक गुणी मुलगी. "टीम नको, तुम्ही स्वतः हव्या," मामी बजावते. "आणि रविवार आहे. मेगाब्लॉक असतो. बॅगा घेऊन लोकलने येणार, की गाडी करणार? गाडीचे आम्ही देऊ, पण मुहूर्त बारा सदतीसचा आहे आणि तो रेल्वेला विचारून काढलेला नाही."

एकदा एका मुलाचं काम तिला फार आवडलं. कान, मान, हात, सगळं पास. आजी मात्र बिथरली. "पुरुष करणार मुलीचा मेकअप?" मामीने लगेच दाखला काढला. "आई, तुमच्या आवडत्या सगळ्या नट्यांचे चेहरे कोणी रंगवले मग? हिंदी सिनेमात बायकांना मेकअपचं कार्डच मिळत नव्हतं. केस बायकांनी करायचे आणि चेहरा पुरुषांनी, असा त्यांच्या संघटनेचा नियम होता. चारू खुराना नावाची बाई सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा कुठे 2014 साली तो मोडला." आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग केस तरी बाईच करेल ना?" तो मुलगा नाकारला गेला, पण आजीमुळे नाही. त्या दिवशी त्याने दोन नवऱ्या घेतल्या होत्या.

शेवटी ठाण्याची एक बाई ट्रायलपर्यंत पोचली. मामी सामानासकट गेली. शालूच्या रंगाचं कापड, दाबाची नथ, मुंडावळ्यांची जोडी आणि फ्लॅश चालू केलेला मोबाइल. त्या बाईने ताईच्या जबड्याच्या कडेला फाउंडेशनच्या तीन पट्ट्या ओढल्या आणि तिला खिडकीशी नेलं. मामीला हे आवडलं. मनगटावर शेड बघणाऱ्या दोघींना तिने याआधी बाद केलं होतं. मधली पट्टी त्वचेत विरघळून दिसेनाशी झाली. "हीच," बाई म्हणाली.

"आज हीच," मामी म्हणाली. "पण आदल्या दिवशी हळद आहे. पोरगी पिवळी होणार, मग?"

"म्हणून दोन शेड घेऊन येते, काकू. सकाळी बघून मिसळायच्या."

मामीने दुसरा बाण काढला. "एसपीएफवालं काही लावू नका. आणि ती पांढरी पावडरही नको. फ्लॅशमध्ये भूत दिसतं." बाईने न बोलता ताईचा फोटो फ्लॅश टाकून काढला आणि मोबाइल मामीच्या हातात दिला. मामीने मान तपासली, कान तपासले. काही सापडेना, तशी ती केसांकडे वळली.

"पुढे हा एवढा फुगा काढलात, तर मुंडावळ्या कुठे बांधायच्या? दोरा कपाळावरून जाऊन मागे गाठ बसते. हा फुगा अंतरपाट धरायच्या आधी चपटा होईल."

"फुगा रिसेप्शनला, काकू. लग्नाला खोपा. गंगावन लावून आकड्यांनी पक्का करते, गाठ त्याच्याखाली लपते. गजरा मुंडावळ्या बांधल्यावर. आणि स्प्रे बेताचा मारते, नाहीतर अक्षता चिकटून बसतात, मग रात्री वेचत बसावं लागतं."

गंगावन! इतर सगळ्या एक्स्टेन्शन म्हणत होत्या. मामीचा चेहरा जरा सैल झाला, पण तोंड काही थांबलं नाही. लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येतं, काजळ पसरणारं नको. लिपस्टिक फार गडद नको, फार फिकीही नको. डोळ्यांवर ते चमचम नको. ताई खुर्चीत शोकेसमधल्या बाहुलीसारखी बसली होती. तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

बाईने ब्रश खाली ठेवला. "काकू, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का? मला नवरीशी बोलायचंय."

आमच्या घराण्यात मामीला बाहेर बसायला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मामांनी तर मनातही आणलेलं नाही. मामी उठली, बाहेर आली आणि जिन्यात उभी राहिली. आतून आवाज येत होता. रोज काय लावतेस? फक्त काजळ. चष्मा? लेन्स घालणार. रडू लवकर येतं का? पाठवणीला येईल. कसं दिसायचंय तुला? यावर बराच वेळ शांतता आणि मग ताईचा आवाज, "माझ्यासारखं."

मामीने तिथूनच आईला फोन लावला. "ठरलं. अ‍ॅडव्हान्स देऊन टाकते."

"एवढी आवडली?"

"मला बाहेर काढलं तिने. लग्नाच्या दिवशी त्या खोलीत माझ्यासारख्या चाळीस बायका घुसतील. टिकली थोडी वर, लाली थोडी कमी, प्रत्येकीचं वेगळं. त्यांना बाहेर काढायची छाती कोणाची आहे? ब्रश काय, सगळ्यांकडेच असतो."

लग्नाच्या दिवशी ठाण्याची बाई गाडीने वेळेवर आली. खोलीचं दार लावून बाहेर मामीलाच पहाऱ्याला बसवलं. मामीने नवऱ्या मुलाच्या दोन आत्या परतवल्या, एका चुलत सासूबाईंना सरबताकडे वळवलं आणि स्वतः दोनदा फटीतून डोकावली. बारा सदतीसला अंतरपाट दूर झाला, तेव्हा ताई ताईसारखीच दिसत होती. मान तिची, कान तिचे, चेहराही तिचाच.

पंगतीत विहीणबाई आईला म्हणाल्या, "किती साधी ठेवली हो मुलगी! मेकअप केलाच नाही का?"

बाबांच्या हातातला मठ्ठ्याचा पेला तसाच राहिला. मग ते मामीकडे सरकून दबक्या आवाजात म्हणाले, "बावीस हजार दिलेत मी. दिसायला तर पाहिजे!"

"दिसला असता," मामी जिलबी मोडत म्हणाली, "तर मी बावीस हजार परत घेतले असते."