भाऊंनी विडी सोडली म्हणे!

अहो ताई, या की जरा कुंपणाशी. सांभाळून हं, निरगुडीच्या बुडाशी शेवाळ धरलंय, रात्रभर पाऊस नुसता कोसळत होता. तुम्ही इथे नवीन, म्हणून सांगते. आपल्या दोघींच्या मागच्या घरातले भाऊ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, त्यांनी विडी सोडलीय. हो, पासष्टी उलटल्यावर! ज्यांची गाडी जव्हारच्या स्टँडात शिरायच्या आधी खोकला शिरायचा, तेच भाऊ. नाशिकची गाडी मोखाड्याला थांबली की पहिली विडी, तोरंगणचा घाट चढून गेलं की दुसरी, त्र्यंबकला तिसरी. मैलाचे दगड वाचायची गरजच नव्हती त्यांना. 2008 च्या 2 ऑक्टोबरला सार्वजनिक जागी ओढायला बंदी आली, तेव्हा काय केलं म्हणता? स्टँडच्या मागे जाऊन ओढायला लागले, झालं.

कारण विचाराल तर भलतंच. कॅन्सरची भीती नाही, बायकोची शपथ नाही. आर. आर. पाटील, आपले आबा, 2015 साली तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा स्टँडवर सगळे हळहळले, आणि हळहळताना सगळ्यांनी पेटवल्या. भाऊसुद्धा त्यात होतेच. नाही हो, भाऊंना अडवलं मोतीबिंदूनं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुम्ही मध्येच खोकलात तर माझा हात कुठे जाईल? आधी खोकला आवरा, मग डोळा. भाऊ तसेच परत. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि संक्रांतीच्या दिवशी बंडल चुलीत टाकलं.

आता मुहूर्त बघा! सगळं जग गोड बोला म्हणत दारात येतंय आणि हे प्रत्येकावर खेकसतायत. गल्लीतली पोरं तिळगूळ घेऊन गेली ती रडत आली. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, म्हणाल्या, ह्यापेक्षा ओढत होते तेच बरं होतं. मी म्हटलं, थांबा जरा. इतकी वर्षं नर्स म्हणून खपले मी, एवढं तर कळतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. मग चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक, हे दोन-चार आठवड्यांत उतरत जातं. धुरातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं हो, इतक्या झटपट हजर होणारा नोकर काढून टाकला तर घरात गोंधळ होणारच.

आणि एक सांगू का, हसू नका. सकाळचं पोट! विडी ओढल्याशिवाय भाऊंना होतच नसे. सोडल्यावर चार दिवस नुसत्या येरझाऱ्या. ही गोष्ट कुणी चारचौघांत बोलत नाही, आणि निम्मी माणसं ह्याच कारणानं परत विडीकडे जातात, हे माझं ठाम मत आहे. मी सांगितलं, उठल्याबरोबर गरम पाणी, दुपारी नागलीची भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत फेरी. आतडी हळूहळू आपलं आपण काम करायला शिकतात.

खोकल्याचीही गंमत. सोडल्यावर तो वाढला! वहिनी घाबऱ्याघुबऱ्या इथे, ह्याच फांदीला धरून उभ्या. श्वासनळीत बारीक बारीक केसांसारखं काही असतं, ते आतला कफ वर ढकलतं. धुरानं ते लुळं पडलेलं असतं. धूर थांबला की ते परत कामाला लागतं आणि जुना साठा बाहेर येतो. म्हटलं, वहिनी, घर झाडायला काढलं की धूळ उडणारच. तरी मी त्यांना थुंकी तपासायला पाठवलंच बरं का. आपल्या भागात लांबलेला खोकला नुसता विडीवर ढकलून बसायचं नसतं, टीबी नाही ना हे बघायलाच हवं. निघालं नाही काही, देवाची कृपा.

मग भाऊंच्या मुलानं मेडिकलमधून निकोटीनची गोळी आणली, चघळायची. भाऊंनी ती चुइंगमसारखी कचाकचा चावून वर चहा प्यायला. उचक्या लागल्या, घसा जळला, म्हणाले, सिस्टर, ह्यापेक्षा विडी सात्त्विक. अहो भाऊ, म्हटलं, थोडी चावायची, तोंडात चुरचुरलं की गालात धरून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा दोनदा चावायची. अर्धा तास पुरते एक. आणि चहा प्यायलात तर पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर ती लागूच पडत नाही.

विड्यांच्या पुडक्यावर नंबर असतो बघा, 1800-11-2356, फुकटचा. दिल्लीला 2016 मध्ये सुरू झाला, नंतर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्येही त्याचं केंद्र झालं. भाऊ म्हणाले, मी अनोळखी माणसाशी माझ्या विडीबद्दल बोलणार? मी म्हटलं, ओळखीच्यांशी बोलून तरी काय दिवे लागले? शेवटी लावला फोन. काय बोलले ते मात्र मला सांगितलं नाही, एवढा माझ्यावर विश्वास!

खरी अडचण पुढेच होती, ती ना गोळीनं सुटली ना फोननं. एकदा इथेच उभे होते, म्हणाले, "सिस्टर, स्टँडवर जायचं बंद केलंय मी. तिथे हातात काय धरून उभा राहू?" मला पटलं हो. विडी म्हणजे सिगारेट नव्हे, ती सारखी विझते. तिच्या पानातून हवा धड जात नाही, म्हणून जोरजोरात ओढावी लागते, आणि विषही त्या मानानं जास्तच जातं छातीत. पण विझली की काडी मागायला शेजारच्याकडे वळावं लागतं. काडी मागितली की कुठून आलात, पाऊस कसा, भात लावला का, मुलगा वीटभट्टीवर गेला का, सगळं आपोआप निघतं. पाड्यावर तर पाण्याच्या तांब्यामागून विडीच पुढे येते. भाऊंचे वडील आपट्याच्या पानात तंबाखू वळायचे, ज्या पानाला आपण दसऱ्याला सोनं म्हणतो ना, तेच. आता हे सगळं एका माणसानं उतारवयात एकट्यानं सोडायचं म्हणजे काय खाऊ आहे?

मोखाड्याच्या बोहाड्यात भाऊ घसरलेच. रात्रभर मुखवटे नाचतायत, संबळ वाजतोय, पहाटेचा गारवा, शेजारच्या जुन्या कंडक्टरनं न विचारता पेटवलेली विडी पुढे केली. ओढली. सकाळी तोंड चुकवत घरात शिरले. वहिनींनी रामायण सुरू केलं, तर मीच मध्ये पडले. म्हटलं, एक ओढली म्हणजे सगळं मुसळ केरात गेलं असं नाही. दुसरी पेटवली का? नाही ना? मग चहा टाका.

तेव्हापासून मी एक धरलंय. तलफ जी येते ती काही मिनिटांची असते. उसळी मारते आणि बसते, तुम्ही ओढा नाहीतर नका ओढू. तेवढी मिनिटं काढायची. सकाळच्या चहानंतर, जेवल्यावर, आणि दिवेलागणीला पाऊस लागला की, ह्या त्यांच्या वेळा. त्या वेळेला मी इकडे कुंपणाशी काहीतरी खुडत उभी राहते आणि विषय काढते. जयसागर धरण भरलं का हो भाऊ? शेवळं काय भावानं मिळाली? कधी तर मुद्दाम चुकीचं बोलते, शिरपामाळावर शिवाजी महाराज सुरतेहून येताना थांबले होते ना, म्हणते. भाऊ चवताळतात! "येताना नाही सिस्टर, जाताना!" आणि पुढची पंधरा मिनिटं इतिहास. विडी गेली विसरून.

एकदा मी त्यांना डॉल नावाच्या इंग्रज डॉक्टरचं सांगितलं. त्यानं 1951 पासून पन्नास वर्षं हजारो डॉक्टरांच्याच सवयी लिहून ठेवल्या. साठीत सोडली तरी सरासरी तीनेक वर्षं पदरात पडतात, पन्नाशीत सोडली तर सहा. भाऊ क्षणभर गप्प. मग म्हणाले, तीन वर्षं जास्त जगून ह्या महागाईत खायचं काय?

चैत्रात झालं बरं का डोळ्याचं ऑपरेशन, अगदी झकास. आणि तिथेच वहिनींची पंचाईत झाली! इतकी वर्षं ह्यांना धड दिसत नव्हतं, आता फडताळातल्या डब्यामागची मिश्रीची डबी दिसली. सकाळ-संध्याकाळ बोटभर मिश्री लावून ह्या बाईंनी नवऱ्याला तंबाखूवर प्रवचनं दिली! मी बोलले तर म्हणाल्या, मिश्री म्हणजे दाताचं औषध. घ्या! तंबाखूच भाजलेली ती. 2016-17 च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारसुद्धा नव्हते, आणि खाणारे, चोळणारे, लावणारे चोवीस. बाईमाणसाची मिश्री कुणी मोजतच नाही घरात. भाऊंनी डबी ताब्यात घेतलीय, देतही नाहीत आणि टाकतही नाहीत. आता त्या घरात कोण कुणावर जास्त खेकसतंय, ते तुम्हाला भिंतीतून ऐकू येत असेलच.

थांबा, आलेच बघा भाऊ. चहा झालेला दिसतोय. बघा बघा, हात शर्टाच्या खिशाकडे चाललाय, खिसा रिकामा आहे तरी जातोच. ताई, आज तुम्ही बोला. दाभोसा धबधब्याला जायला कुठली गाडी, असं विचारा. गाडी सांगतील, वेळ सांगतील, कुठल्या वळणावर कुणाची गाडी चिखलात रुतली तेही सांगतील. माझं दूध गॅसवर आहे, मी निघाले. आणि हो, मिश्रीचा विषय काढू नका, वहिनी खिडकीतच आहेत.