पुढचा नंबर कुणाचा?

मुंबईतली कुठली वस्ती यापुढे 'वर येणार', असे हल्ली जो तो विचारतो. विचारणाऱ्याला तिथे राहायचे नसते, फक्त भाव चढायच्या आत पोचायचे असते. अशा गरजूंसाठी आजचे सदर. पंचांगाची गरज नाही, चार लक्षणे पुरतात.

पहिले लक्षण नावाचे. वस्तीचे पुन्हा बारसे झाले की समजावे, बाळ दत्तक गेले. लोअर परळातले 'लोअर' दलालांना खुपू लागले, तेव्हा त्यांनी त्याचे 'अप्पर वरळी' करून टाकले. वडाळ्यात 'न्यू कफ परेड' उगवले. जुन्या कफ परेडला ही सोयरीक अजून कुणी कळवलेली नाही.

दुसरे लक्षण कौतुकाचे. रविवारी सकाळी टोप्या घातलेली मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून गल्लीत शिरली आणि लाकडी कठडे पाहून 'किती जिवंत आहे हे सगळं!' म्हणू लागली, की रहिवाशांनी कागदपत्रे फाईलला लावून ठेवावीत. गिरगावातल्या खोताच्या वाडीला हा अनुभव जुना आहे. फोटोत जिना येतो, जिन्याखालचा सामायिक नळ येत नाही.

तिसरे लक्षण वाहतुकीचे. शिवडी म्हटले की पूर्वी क्षयरोगाचे रुग्णालय आठवे. जानेवारी २०२४मध्ये तिथून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुटला आणि शिवडी एकदम समुद्राची, रोहित पक्ष्यांची झाली. रुग्णालय होते तिथेच आहे, जाहिरातीत मात्र ते सापडत नाही.

चौथे लक्षण सर्वांत भरवशाचे: नियमात बदल. १८ जानेवारी १९८२ला गिरणगावात संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, पुष्कळांना परत जायला गिरणीच उरली नाही. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये नियम 'स्पष्ट' करण्यात आला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची; गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यात धरायची नाही. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. वाटे तीनच राहिले, ताट तेवढे बदलले. फिनिक्स मिलचा मॉल झाला. धुराडे मात्र जपले आहे. धूर सोडत नाही, पगारवाढ मागत नाही. असा गिरणगावकर कुणाला नको असेल?

आता कुणी म्हणेल, बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे बघा. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात जागच्या जागी ५०० फुटांचे घर. मान्य, आणि अभिनंदन. पण नवे शेजारी आले की जुन्यांना भाजी परवडेल अशा दरात भाजीवाली बसेल का, आणि खानावळीतल्या बांगड्याच्या ताटाला मेनूकार्डात 'कोस्टल प्लॅटर' म्हणतील तेव्हा ते ताट कुणापुढे येईल, हेही बघत राहावे. घर मिळाले म्हणजे मोहल्ला मिळालाच असे नाही.

चारही लक्षणांचा गुणाकार केला की एकच सूत्र हाती लागते. कष्टकरी माणूस दलदलीत, धुरात, रुळांच्या कडेला राहतो. तिथे बाजार, शाळा, भजनी मंडळ, गणपती उभा करतो. आणि जागा राहण्यालायक झाली की ती राहण्यासाठी फार महाग असल्याचे त्याला कळवण्यात येते.

म्हणून गुंतवणूकदारांना आमचा फुकट सल्ला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सरकारने बोट दाखवले ते कर्जतच्या वाटेवरल्या शेलू-वांगणीकडे. 'घर मुंबईतच द्या' म्हणत कामगार आझाद मैदानावर आले, तो भाग सोडून द्या. तुम्ही वांगणीत आजच जमीन घेऊन ठेवा. गिरणी कामगार राहिला त्या जागेला सोन्याचा भाव आला, हा मुंबईचा इतिहास आहे. फक्त त्याला तिथून हलवायला किती वर्षे लागतील, तेवढा हिशेब तुमचा तुम्ही करा.