संगणकाचा पुनर्विकास

भक्कम उभी असलेली इमारत एका रात्रीत धोकादायक कशी होते, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. भिंतीला तडा नसतो, गच्ची गळत नसते, पण नोटीस येते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी अशीच नोटीस घरोघरच्या टेबलांवर लागली. विंडोज 10 चा सपोर्ट संपला. संगणक आदल्या दिवशी चालत होता, दुसऱ्या दिवशीही चालला. फक्त यापुढे व्हायरस शिरला तर जबाबदारी रहिवाशाची. 2015 साली ही इमारत नवीन असताना कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं, की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. बिल्डरचा शब्द तो बिल्डरचा शब्द.

समोर विंडोज 11 चा टॉवर तयार आहे. जुन्या रहिवाशांना जागा फुकट, फक्त स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पास व्हायला हवं. त्यात टीपीएम 2.0 नावाची सोय मागतात आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे सातव्या पिढीतला धडधाकट आय-सेव्हन बाहेर आणि त्याच्यामागून आलेला दमेकरी सेलेरॉन आत. नापासांसाठी ट्रान्झिट कॅम्प आहे: एक वर्षाचे सुरक्षा अपडेट, भाडं 30 डॉलर, किंवा घरातल्या सगळ्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर नेऊन ठेवल्या तर फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिथल्या लोकांची ही अट काढली. आपल्याला ट्रान्झिट कॅम्पची सवय आहे. आपण न वाचता सही केली.

टॉवरमध्ये शिरलेल्यांचं बरं चाललंय म्हणतात. खातं काढल्याशिवाय गेटमधून सोडत नाहीत, स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून मधोमध मांडलंय आणि कोपायलट नावाचा मदतनीस, न बोलावता, काही लिहून देऊ का म्हणून विचारत फिरतो.

शेजारी मॅकची गेटेड सोसायटी आहे. देखणी, शांत, खिडकीत टॉवेल वाळत घालायला बंदी. मुलीच्या लग्नाची हार्ड डिस्क विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर इथे फोटो बघता येतात, त्यात नवा एकही टाकता येत नाही. मध्यमवर्गीय मराठी घरात मॅक बहुधा विकत घेतला जात नाही. न्यू जर्सीच्या मुलाने नवा घेतला की जुना सुटकेसमधून येतो. येतो तो नेमका इंटेलवाला. कंपनीने 2020 पासून स्वतःची चिप घातली आणि 2025 मध्ये इंटेलवाल्यांना कळवलं, की टाहो ही तुमची शेवटची आवृत्ती; तीसुद्धा त्यांच्यातल्या मोजक्यांनाच. नोटीस इथेही येते, फक्त कागद गुळगुळीत असतो.

लिनक्सवाल्यांचा सवाल निराळाच: मुळात बिल्डर हवाच कशाला? प्लॉट फुकट, विटा फुकट, नकाशे शेकडो. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून सुरू केलेलं हे बांधकाम आज जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांवर आहे, केरळच्या सरकारी शाळांत आहे आणि ‘लिनक्स अवघड बुवा’ म्हणणाऱ्या नानांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे. अडतं ते नानांच्या प्रिंटरपाशी. जुन्या मशीनवर काय टाकावं असं विचारलं, तर चार लिनक्सवाले पाच नावं सांगतात आणि ‘मिंट टाका, निवांत पळेल’ हे सरळ उत्तर त्यांच्या भांडणात हरवतं. टॅली किंवा श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी मात्र हा प्लॉट लांबूनच बघावा.

या तिन्ही योजनांच्या बाहेर एक मोठी वस्ती आहे. तिचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘फॉरमॅट मारून’ आणलेली विंडोज नांदते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट पाटी वर्षानुवर्षं असते. ओसी नसलेल्या फ्लॅटमध्ये दोन पिढ्या काढलेल्या माणसाला तिचं काय!

एवढ्या धामधुमीत रहिवाशाला घरात करायचंय तरी काय? विजेचं बिल भरायचंय, रेल्वेचं तिकीट काढायचंय, व्हॉट्सअॅप मोठ्या पडद्यावर बघायचंय आणि यूट्यूबवर पुरणपोळी. ही सगळी कामं ब्राउझरच्या एकाच खोलीत उरकतात आणि ती खोली चारही ठिकाणी सारखीच आहे. टॉवर, सोसायटी की प्लॉट यावर हमरीतुमरीवर येणारे लोक वर्षभर त्या खोलीबाहेर पाऊल टाकत नाहीत.

खरी निवड वेगळीच असते आणि ती आधीच झालेली असते. कॉम्प्युटर अडला की ज्याला फोन जातो, त्या भाच्याला जे येतं ते त्या घरात चालतं. मावशीने आजवर सिस्टीम निवडलेली नाही. तिने भाचा निवडला आणि सिस्टीम त्याच्यासोबत आली. म्हणून नवीन संगणक घेणाऱ्यांनी रॅम आणि प्रोसेसर विचारायच्या आधी भाच्याला विचारावं, की बाबा रे, तुझा सपोर्ट कधीपर्यंत? लग्न, हिंजवडीची नोकरी, जर्मनीचा व्हिसा, यांपैकी काहीही झालं की तो एका रात्रीत बंद होतो. मायक्रोसॉफ्टने निदान तारीख तरी आधी कळवली होती.