सातव्या मजल्यावरचं आगर

"आमचं मूळ गाव वेळणेश्वर," असं मी सोसायटीच्या सभेत बोलून गेलो आणि तिथेच घात झाला. गच्चीवर भाजी लावायचा विषय चालला होता. मुंबई बंदराच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून खरकट्याच्या खतावर बाग फुलवली, हे कुणीतरी सांगितलं. "मग आपल्याकडे तर साक्षात कोकणातला माणूस आहे!" अध्यक्ष म्हणाले, आणि मी एकमताने बागप्रमुख झालो. मी गावी फक्त मे महिन्यात जातो आणि आंब्याशी माझा संबंध तो ताटात पडल्यावर सुरू होतो, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माती वेळणेश्वरचीच हवी, अशी मी घोषणा केली. काकूच्या आगरातून दोन पोती तांबडी माती भरली. काकू पायरीवर बसून बघत होती. "मुंबईची माती संपली काय रे?" एवढंच म्हणाली. कंडक्टरने पोत्यांचं वेगळं तिकीट फाडलं. एक पोतं उसवलेलं आहे, हे चिपळूणला कळलं. शेजारच्या आजोबांचा पांढरा लेंगा तोवर गुलाबी झाला होता.

गच्चीवर पिंपांत माती ओतली, भेंडी पेरली, पाणी घातलं. आठवडाभरात मातीचा जांभा झाला. कोंब वर यायला सुरुंगच लावावा लागला असता.

मग मी शास्त्राकडे वळलो. श्री. अ. दाभोळकरांच्या विचारातून पुढे आलेल्या शेतीत 'अमृतजल' सांगितलंय : दहा लिटर पाणी, एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळायचं आणि दहापट पाणी घालून वापरायचं. मी तीन दिवस ढवळलं. चौथ्या दिवशी बादली लिफ्टमध्ये कलंडली. पुढचा आठवडाभर सगळी सोसायटी जिन्याने चढली. दोघा मधुमेहींची साखर उतरली, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

शेवटी काकूला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, माडाच्या अळ्यात आम्ही पातेरा घालतो, मोरीचं पाणी सोडतो. माती कोण घालतो? ती खाली असतेच!"

आणि पातेरा, म्हणजे वाळकी पानं, तर आमच्या आवारात रोज झाडून जाळत होते! पिंपांतली माती उपसली, पातेरा गोळा केला, नव्याने ढवळलेल्या अमृतजलात भिजवून पिंपांत भरला, वर भाजीची देठं-सालं कुजवली आणि पुन्हा भेंडी पेरली. पिंपं हलकी झाली, भेंडी तरारली. पहिल्या तोड्याला सात भेंड्या आल्या. बिऱ्हाडं एकवीस. वाटणीसाठी पुन्हा सभा झाली.

वेळणेश्वरची माती वाया गेली नाही. दिवाळीत पोरांनी तिचा किल्ला केला. इतका टणक किल्ला आमच्या सोसायटीत आजवर झाला नव्हता.

तेव्हा तुमच्या आवारात पातेरा जाळत असतील, तर आधी ते थांबवा आणि पातेरा गच्चीवर न्या. आणि सभेत कुणी मूळ गाव विचारलंच, तर डोंबिवली सांगा.